मोठा पडदा आणि मोठे तिकीट

चार पैसे अधिक मोजून घेतलेली वस्तू खरोखरच चार पैशांनी सरस आहे काय, हे आपण भाजी घेताना पाहतो. चित्रपटगृहाच्या खिडकीशी मात्र सहसा पाहत नाही. पालघर आणि बोईसर-तारापूर ह्या पट्ट्यातील रसिकाला तर हा प्रश्न दुहेरी पडतो. आयमॅक्ससारखा महापडदा पाहायचा म्हणजे लोअर परळसारखे ठिकाण गाठायचे. बोईसर चर्चगेटपासून सुमारे शंभर किलोमीटर. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावू लागली, ही सोय खरी. पण औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या माणसाची आठवड्याची एकुलती सुटी त्यात खर्ची पडते. तेव्हा तिकिटाबरोबर सुटीचाही हिशेब मांडला पाहिजे.

अधिक दराची ही प्रथा नवी नव्हे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे एक रुपया दराने दाखविली गेली. पुढे नॉव्हेल्टी नाट्यगृहात तोच खेळ चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत मिळू लागला. चित्र सर्वांना एकच. अधिक पैसा होता तो आसनाचा. पडद्याचा पैसा आला तो दूरचित्रवाणीच्या धास्तीने. घरबसल्या चित्रे दिसू लागताच अमेरिकेने १९५२ मध्ये सिनेरामा व १९५३ मध्ये सिनेमास्कोप पुढे केला. आपल्याकडे गुरुदत्त यांनी १९५९ मध्ये ‘कागज के फूल’ सिनेमास्कोपमध्ये काढला.

१९७५ च्या ‘शोले’चे उदाहरण बोधप्रद आहे. तो चित्रित झाला ३५ मिलिमीटर फितीवर, आणि मागाहून मोठा करून ७० मिलिमीटरवर उतरविला गेला. मुंबईच्या मिनर्व्हात तो पाहणारे भारावून गेले, यात नवल नाही. ध्वनीही चहूकडून येत होता. पण मूळ फितीत जो तपशील नाही तो मोठ्या प्रतीत कोठून येणार? खरा आयमॅक्स १९७० मध्ये ओसाकाच्या प्रदर्शनात अवतरला. त्याच्या फितीवरील एकेक चित्र साध्या ३५ मिलिमीटर चित्राच्या आठ-नऊ पट मोठे असे. आज मात्र बहुतेक ठिकाणी फीत गेली असून अंकीय प्रक्षेपक आले आहेत. म्हणून केवळ नावाची पाटी पाहून भुलू नये.

आता मुख्य मुद्दा. पडदा किती मोठा आहे, यापेक्षा तो आपल्या डोळ्यांना किती मोठा दिसतो, हे महत्त्वाचे. रुपयाचे नाणे डोळ्यापुढे धरले की पूर्ण चंद्र झाकला जातो. म्हणून काही नाणे चंद्राहून मोठे ठरत नाही. पडद्याची जितकी रुंदी तितक्याच अंतरावर बसले तर तो सुमारे ५३ अंशांत दिसतो. दुप्पट अंतरावर बसले तर २८ अंशांत. म्हणजे दहा मीटर रुंद पडदा दहा मीटरांवरून, आणि वीस मीटर रुंद पडदा वीस मीटरांवरून, सारखाच भव्य दिसतो. आपल्या गावच्या चित्रगृहात मागची रांग सोडून मधल्या रांगेत या. अर्धी भव्यता फुकट पदरात पडेल.

मग महापडद्याजवळ काहीच जादा नाही काय? आहे, आणि ते नीट ओळखावे. पहिले, चित्राची उंची. नेहमीचा रुंद चित्रपट उंचीच्या २.३९ पट रुंद असतो. अंकीय आयमॅक्सचा पडदा १.९० पट. रुंदी तीच धरली तर सुमारे पाव हिस्सा चित्र अधिक मिळते. पण चित्रपट त्या मापाने घेतलेला असेल तरच. दुसरे, प्रकाश. पडद्याची लांबी-रुंदी दुप्पट केली की क्षेत्र चौपट होते, आणि तोच प्रकाश पसरून चौथाई उरतो. म्हणून मोठ्या पडद्याला बलवान दिवा किंवा लेझर लागतो. तो खर्च खरा आहे. तिसरे, ध्वनी. छतावरूनही आवाज देणारी डॉल्बी ॲटमॉससारखी योजना २०१२ मध्ये आली. मात्र ती मोठ्या पडद्याशीच बांधलेली नाही.

यावरून आमचा निर्वाळा असा: चित्रपट खास त्या मापाने घेतलेला असेल, त्यात आकाश, समुद्र, रणभूमी यांचा विस्तार असेल, आणि घरातील सर्वांना प्रवास झेपणारा असेल, तर वर्षातून एखादे वेळी हा खर्च सार्थ आहे. दोन माणसांच्या संवादावर उभा असलेला कौटुंबिक चित्रपट पाहायला शंभर किलोमीटर जाणे हा खर्च चित्रपटाचा नसून मिरवण्याचा होय. चार माणसांचे भाडे आणि बाहेरचे खाणे यांतही पैसा जातो, हे विसरू नये.

आणखी एक गोष्ट. गुडघे दुखणारी आजी मुंबईला येणार नाही; ती गावातल्याच चित्रगृहात येईल. ते चित्रगृह टिकायचे तर आपण तेथे गेले पाहिजे, आणि दिवा मंद झाला, आवाज फाटू लागला, तर व्यवस्थापकाला स्पष्ट सांगितलेही पाहिजे. जवळचा पडदा लहान असला तरी चालेल. तो अंधुक असता कामा नये.