स्फटिक सापडले, दोषांचं काय?

गूगल डीपमाइंडने गणनेतून शोधलेल्या २२ लाख नव्या स्फटिकांची बातमी नोव्हेंबर २०२३मध्ये सर्वत्र झळकली. त्यातले सुमारे ३ लाख ८० हजार टिकाऊ ठरावेत, असं गणित सांगतं. काम मोठंच आहे. पण ऑक्साइड अर्धवाहकांच्या बाबतीत स्फटिक टिकतो एवढं कळून भागत नाही. त्यातून वीज कशी वाहील, हे बरेचदा लाखांत एखाद्या भलत्या अणूवर ठरतं आणि या यादीतला प्रत्येक स्फटिक निर्दोष धरलेला आहे.

झिंक ऑक्साइडच घ्या. मलमात आणि टायरच्या रबरात जाणारी ही पांढरी पूड पारदर्शक अर्धवाहकही आहे. मुद्दाम काही मिसळलं नाही तरी तिच्यात मोकळे इलेक्ट्रॉन सापडतात. ते ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांमुळे येतात, असं कित्येक दशकं मानलं गेलं. २००० साली ख्रिस व्हान डे वाले यांनी गणनेतून बोट दाखवलं ते हायड्रोजनकडे. बहुतेक अर्धवाहकांत हायड्रोजन मूळच्या वाहकतेला मारतो. इथे मात्र तो कायम इलेक्ट्रॉन देणाराच ठरला. स्फटिक घडवताना तो हटकून आत शिरतो आणि मोजणीत सहज दिसत नाही, म्हणून इतकी वर्षं त्याच्यावर कुणाचा संशय गेला नसावा. पुढच्याच वर्षी हायड्रोजनच्या जागी म्युऑन हा कण वापरून केलेल्या प्रयोगाने या भाकिताला दुजोरा दिला. कागदावरच्या गणिताने प्रयोगशाळेला कुठे पाहायचं ते सांगितलं, याचं मला लाखोंच्या आकड्यापेक्षा जास्त अप्रूप वाटतं.

गणनेच्या आकड्यांवर किती विसंबायचं, असा आक्षेप यावर येतो आणि तो रास्त आहे. अशा गणनांमागची, वॉल्टर कोन यांना १९९८चं नोबेल मिळवून देणारी पद्धती तिच्या साध्या रूपात झिंक ऑक्साइडचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा, जेमतेम ०.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट दाखवते. प्रत्यक्षात तो ३.४च्या आसपास आहे. सुधारित ‘हायब्रिड’ सूत्रं ही तूट भरून काढतात, पण त्यातलं मिश्रणाचं प्रमाण अनेकदा मोजलेल्या आकड्याशी जुळेपर्यंत वाढवलं जातं. म्हणून एकाच सूत्रातून आलेल्या सुट्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. सूत्र बदललं तरी टिकणारा आणि प्रयोगाने पडताळलेला निष्कर्ष मात्र वेगळ्या तोलाचा असतो. हायड्रोजनचा तसा आहे. गॅलियम ऑक्साइडमध्ये धन वाहक ऑक्सिजनपाशीच अडकून पडतात, हा गणनेचा इशाराही तितकाच मोलाचा, कारण त्यामुळे पी-प्रकारच्या, म्हणजे धन वाहकांवर चालणाऱ्या, गॅलियम ऑक्साइडमागे किती वर्षं घालवायची, याचा आधीच विचार करता येतो. असा इशारा मिळवायला एकेका दोषासाठी शंभराहून जास्त अणूंची चौकट घेऊन, प्रत्येक विद्युतभारासाठी निराळी गणना करावी लागते. टिकाऊ ठरलेल्या त्या ३ लाख ८० हजारांसाठी ते काम अजून बाकी आहे.