जिंगल ते ऋग्वेद : वनराज भाटिया

१९८८ साली दूरदर्शनवर ‘भारत एक खोज’ ही मालिका सुरू झाली. तिचे शीर्षकसंगीत कानी पडताच घरातील संभाषण आपोआप थांबत असे. सृष्टीपूर्वी काय होते, हा नासदीय सूक्तातील आदिम प्रश्न समूहस्वरांत दाटून येई. सूक्ताचे हिंदी रूपांतर वसंत देव यांचे, तर संगीत वनराज भाटिया यांचे. वैदिक गांभीर्य आणि पाश्चात्त्य समूहगानाची रचना यांचा असा मेळ दूरचित्रवाणीवर क्वचितच ऐकू आला असेल.

त्यामागील तयारी फार जुनी होती. १९२७ साली मुंबईत जन्मलेल्या भाटियांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयातून इंग्रजीत एम.ए. केले, पुढे लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये आणि पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे त्यांनी शिक्षण घेतले. १९५९ साली ते मायदेशी परतले, तेव्हा अशा विद्येला येथे बाजारपेठच नव्हती. (आम्हा वाणिज्य शाखेच्या मंडळींना हाच शब्द आधी सुचतो!) मार्ग सापडला तो जाहिरातींत. त्यांच्या जिंगल्सची संख्या सात हजारांच्या घरात सांगितली जाते. मोजक्या सेकंदांत भाव उभा करण्याची ही शिस्त पुढे पडद्यावर उपयोगी पडली.

श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’ने १९७४ साली चित्रपटाचे दार उघडले. ‘मंथन’ला (१९७६) गुजरातच्या पाच लाख दूध-उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये भांडवल दिले, त्याच चित्रपटात प्रीती सागर यांच्या स्वरातील त्यांचे गीत घरोघरी पोहोचले. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’वर आधारित ‘भूमिका’साठी (१९७७) त्यांनी जुन्या बोलपटांचा बाज हुबेहूब उभा केला. ‘तमस’च्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. फाळणीचा तो आक्रोश आणि ‘वागळे की दुनिया’तील मध्यमवर्गीय खुशमिजास सूर, दोन्ही एकाच लेखणीतले.

२०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने चित्रपट-संगीतकारांचा रॉयल्टीवरील हक्क भक्कम केला. तोवर बहुतेकांना एकरकमी मोबदला मिळे. धून वर्षानुवर्षे वाजत राही, पण खात्यात पुन्हा काही जमा होत नसे. २०१९ साली भाटियांच्या आर्थिक विवंचनेच्या बातम्या आल्या, तेव्हा अनेक रसिक चकित झाले. बँकेत काम करणाऱ्याला ते तितकेसे अनपेक्षित वाटले नाही.

७ मे २०२१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी कोणाच्याही मागणीची वाट न पाहता एक काम हाती घेतले होते : गिरीश कार्नाड यांच्या नाटकावर आधारलेला ‘अग्निवर्षा’ हा ऑपेरा.