क्रेडिट कार्डाचे देणे आणि वसुलीचा तगादा

कर्ज आणि त्याची वसुली हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो लवकरच पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. त्यांचा रोख प्रामुख्याने कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या यांवर होता. वहीत काय लिहिले आहे हे ऋणकोला वाचता येत नव्हते आणि व्याजाची आकारणी तपासण्याचे साधनही त्याच्यापाशी नव्हते. या उठावाच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये दख्खनमधील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. भरलेल्या पैशाची पावती मिळण्याचा आणि खात्याचा लेखी हिशेब मागण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळाला. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी त्याला तुरुंगात डांबण्याची प्रथा बंद झाली. कर्जरोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकारही न्यायालयांना प्राप्त झाला.

आज शिक्षक, लिपिक, परिचारिका किंवा कारखान्यातील कामगार यांच्या कर्जाची वही भ्रमणध्वनीवर येते. ती वाचता येते, परंतु बहुधा वाचली जात नाही. भारतात १९८० मध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडियाने क्रेडिट कार्ड आणले, तेव्हा ते मोजक्या लोकांच्या खिशात असे. २०२४ च्या प्रारंभी देशातील अशा कार्डांची संख्या दहा कोटींच्या पलीकडे गेली. साहजिकच थकबाकी आणि तिच्यामागून येणारा तगादा यांचाही प्रसार जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांपर्यंत झाला आहे. देणे फेडणे हे ऋणकोचे कर्तव्य आहे यात शंका नाही. परंतु देणे फेडण्यासाठी अपमान सोसणे हे त्याचे कर्तव्य नव्हे. या दोन गोष्टींतील भेद समजला नाही, की माणूस एक तर देणे टाळू लागतो किंवा भीतीपोटी नवे कर्ज काढून अधिकच खोल रुततो.

व्याज कसे वाढते?

क्रेडिट कार्डावर केलेल्या खरेदीला साधारणपणे ४५ ते ५० दिवसांपर्यंत व्याज लागत नाही. मात्र ही सवलत देयकाची संपूर्ण रक्कम मुदतीत भरणाऱ्यासच मिळते. थोडी जरी रक्कम शिल्लक राहिली, तरी व्याजाची आकारणी खरेदीच्या तारखेपासून होऊ लागते आणि पुढील नव्या खरेदीवरही बिनव्याजी मुदत मिळत नाही. कार्डावर रोख रक्कम काढल्यास व्याज पहिल्या दिवसापासूनच सुरू होते आणि त्याचे शुल्क वेगळे द्यावे लागते.

देयकावर ‘किमान देय रक्कम’ असा एक रकाना असतो. बहुतेकांची फसगत येथेच होते. ही रक्कम भरली म्हणजे विलंबशुल्क टळते, पण व्याज टळत नाही. एक साधे उदाहरण घेऊ. समजा, देणे ५०,००० रुपये आहे, व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे, व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे आणि किमान देय रक्कम बाकीच्या पाच टक्के आहे. पहिल्या महिन्यात २,५०० रुपये भरले जातात. उरलेल्या ४७,५०० रुपयांवर व्याज आणि कर मिळून सुमारे १,९६२ रुपये चढतात. म्हणजे अडीच हजार रुपये भरूनही देणे घटते ते जेमतेम ५३८ रुपयांनी. नवी खरेदी एक पैशाचीही न करता वर्षभर हाच क्रम ठेवला, तर सुमारे २८,३०० रुपये भरले जातात आणि देणे मात्र सुमारे ६,१०० रुपयांनीच कमी होते. ते निम्मे होण्यास पाच वर्षांहून अधिक काळ लागतो. याउलट त्याच माणसाने दरमहा ठरवून ५,००० रुपये भरले, तर तेराव्या महिन्यात देणे संपते आणि एकूण भरणा सुमारे ६२,४०० रुपये होतो.

या व्याजदरावर कायद्याने ठरविलेली कमाल मर्यादा नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली होती. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. त्यामुळे दर किती आहे हे पाहण्याची जबाबदारी कार्डधारकावर अधिकच येऊन पडते. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड वर्षानुवर्षे लांबते, असा इशारा देयकावर छापण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने कार्ड देणाऱ्या संस्थांवर घातले आहे. तो इशारा बारीक अक्षरात असला, तरी देयकातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच होय.

परतफेडीचा क्रम

देणे आवाक्याबाहेर जात आहे असे दिसताच प्रथम त्या कार्डाचा वापर थांबवावा. त्यानंतर घरातील सर्व देण्यांची एका कागदावर यादी करावी. प्रत्येकापुढे बाकी, व्याजदर आणि हप्त्याची तारीख लिहावी. ही यादी पती-पत्नींनी मिळून करणे इष्ट असते, कारण लपविलेले देणे सर्वांत वेगाने वाढते. सर्व देण्यांचा किमान हप्ता भरून जे पैसे उरतील, ते सर्वाधिक व्याजाच्या देण्यात घालावेत.

महागडे कर्ज स्वस्त कर्जाने फेडणे हा दुसरा मार्ग होय. अनेक शिक्षक आणि कर्मचारी पगारदार सहकारी पतसंस्थांचे सभासद असतात. तेथील कर्जाचा दर कार्डाच्या दरापेक्षा सामान्यतः बराच कमी असतो आणि हप्ता पगारातून परस्पर कापला जातो. बँकेकडेही थकबाकीचे ठराविक मुदतीच्या हप्त्यांत रूपांतर करून मागता येते. तथापि, असे कर्ज काढल्यावर कार्ड पुन्हा वापरात आले, तर एका देण्याची दोन देणी होतात. कार्ड बंद करण्याची मागणी लेखी करावी. सर्व बाकी फेडलेली असल्यास सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे आणि विलंब झाल्यास प्रत्येक दिवसास ५०० रुपये देणे, असे बंधन रिझर्व्ह बँकेने संस्थांवर घातले आहे.

तडजोडीने कमी रकमेत खाते मिटविण्याचा प्रस्ताव काही वेळा बँकेकडूनच येतो. तो स्वीकारण्यापूर्वी रक्कम, तारीख आणि ‘यानंतर काहीही येणे राहणार नाही’ हा मजकूर बँकेच्या अधिकृत पत्रावर घ्यावा. भरणा बँकेच्या खात्यातच करावा; प्रतिनिधीच्या हाती रोख रक्कम किंवा त्याच्या वैयक्तिक खात्यात पैसे देऊ नयेत. कोरे अथवा पुढील तारखेचे धनादेशही विचार न करता देऊ नयेत, कारण धनादेश न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होऊ शकतो आणि साध्या देण्याला गुन्ह्याचे रूप येते. तडजोडीची नोंद पतमाहिती अहवालात ‘पूर्ण परतफेड’ अशी न होता ‘तडजोड’ अशी होते आणि पुढील कर्जाच्या वेळी ती आड येऊ शकते, हेही लक्षात ठेवावे.

वसुली प्रतिनिधीच्या मर्यादा

बँका थकबाकीची वसुली पुष्कळदा बाहेरच्या संस्थांकडे सोपवितात. त्यांचे प्रतिनिधी म्हणजे पोलीस नव्हेत आणि न्यायालयाचे बेलिफही नव्हेत. त्यांना विनंती करण्याचा आणि स्मरण देण्याचा अधिकार आहे, धमकावण्याचा नाही. रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये याविषयी सविस्तर सूचना काढल्या आणि प्रतिनिधीच्या वर्तनाची जबाबदारी बँकेवरच ठेवली. थकबाकीदाराकडे जाणाऱ्या प्रतिनिधीपाशी ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र असले पाहिजे. ऑगस्ट २०२२ मधील परिपत्रकाने सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर वसुलीसाठी दूरध्वनी करण्यास मनाई केली. शिवीगाळ, शारीरिक बळाचा वापर, चारचौघांत मानहानी, कुटुंबीय वा मित्रमंडळींच्या खाजगी जीवनात हस्तक्षेप, निनावी किंवा धमकीचे दूरध्वनी आणि अनुचित संदेश यांनाही त्याने मनाई केली. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका प्रकरणात गुंडांकरवी वसुली करण्याच्या पद्धतीचा निषेध करून कायद्याचा मार्गच अनुसरला पाहिजे, असे स्पष्ट केले.

प्रतिनिधी दारात आल्यास त्याचे ओळखपत्र पाहावे, नाव आणि संस्थेचे नाव टिपून घ्यावे आणि बोलणे शांतपणे, शक्य तर साक्षीदारासमोर करावे. दूरध्वनींची तारीख, वेळ आणि मजकूर यांची नोंद एका वहीत ठेवावी. संदेश पुसू नयेत. ही वही पुढे तक्रारीचा पाया ठरते.

कायदा काय सांगतो?

‘उद्या अटक होईल’ ही तगाद्यातील सर्वांत परिचित धमकी. वस्तुतः कार्डाचे देणे हे बिनतारण आणि दिवाणी स्वरूपाचे देणे आहे. फसवणुकीसारखा स्वतंत्र गुन्हा नसेल, तर केवळ पैसे थकले म्हणून पोलीस अटक करू शकत नाहीत. दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा झाल्यावरही नुसत्या असमर्थतेपोटी ऋणकोला तुरुंगात पाठविता येत नाही; ऐपत असून बुद्ध्या टाळाटाळ केल्याचे सिद्ध व्हावे लागते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात हे तत्त्व मानवी प्रतिष्ठेच्या हक्काशी जोडले.

न्यायालयाच्या आदेशाशिवाय कोणालाही घरातील वस्तू उचलून नेता येत नाही. पगारावर जप्ती आली, तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० अन्वये पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग सामान्य देण्यांच्या जप्तीतून वगळलेला आहे. शासकीय निवृत्तिवेतन आणि भविष्यनिर्वाह निधी यांनाही संरक्षण आहे. जामीनदार नसलेल्या नातेवाइकांवर देण्याची जबाबदारी येत नाही. ऋणको मरण पावल्यास वारसांचे दायित्व त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरतेच राहते.

याचा अर्थ नोटिशीकडे दुर्लक्ष करावे असा मात्र नाही. दिवाणी दाव्याच्या समन्सला किंवा लवादाच्या नोटिशीला मुदतीत उत्तर न दिल्यास एकतर्फी निर्णय होतो. लोकअदालतीची नोटीस पाहून अनेक कुटुंबे घाबरून जातात. प्रत्यक्षात ते तडजोडीचे निमंत्रण असते आणि हप्ते मागण्याची ती चांगली संधी होय. तेथे झालेला निवाडा मात्र दिवाणी हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून झेपेल तेवढ्याच हप्त्यास संमती द्यावी.

दाद कोठे मागावी?

प्रथम बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास विलंब न करता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि वकिलाची गरजही नाही. धमकी, खंडणी किंवा घरात बेकायदा प्रवेश असे प्रकार घडल्यास पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहिता, २०२३ खाली तक्रार करावी. पतमाहिती अहवालात चूक असल्यास दुरुस्ती मागावी. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि मर्यादित उत्पन्नाचे नागरिक यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार मोफत विधी साहाय्य उपलब्ध आहे.

कार्डाचे देणे भागविण्यासाठी भ्रमणध्वनीवरील अनोळखी ॲपकडून किंवा विनापरवाना सावकाराकडून उसनवार करणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे होय. ऋणकोच्या भ्रमणध्वनीतील संपर्क आणि छायाचित्रे यांना हात लावण्याची परवानगी कर्जदात्या ॲपला नाही, असे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी स्पष्ट केले. ती मागणारे ॲप वर्ज्य समजावे. सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर नोंदविता येते. विनापरवाना सावकारीवर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली कारवाई होते आणि त्यासाठी तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे अर्ज करावा लागतो.

कार्यालय, शाळा आणि पंचायत

तगादा पुष्कळदा ऋणकोला सोडून त्याच्या कार्यालयाकडे वळतो. मुख्याध्यापकांना किंवा विभागप्रमुखांना दूरध्वनी करून कर्मचाऱ्याच्या देण्याचा बोभाटा केला जातो. वर्तणूक नियमांनुसार शासकीय कर्मचाऱ्याने कर्जबाजारीपणा टाळणे अपेक्षित असते आणि या नियमाच्या भीतीचाच लाभ उठविला जातो. अशा वेळी वरिष्ठांनी दूरध्वनीवर कोणतीही माहिती देऊ नये, संबंधिताची मागणी लेखी मागवावी आणि कर्मचाऱ्याशी एकांतात सहानुभूतीने बोलावे. न्यायालयीन जप्तीचा आदेश आणि प्रतिनिधीचा दूरध्वनी यांतील अंतर कार्यालयाने तरी ओळखले पाहिजे.

शिक्षकांना टक्केवारी आणि चक्रवाढ व्याज शिकविताना कार्डाच्या देयकाचे उदाहरण घेता येईल. वर्गात मांडलेला हिशेब संध्याकाळी घरापर्यंत पोहोचतो. ग्रामसभेत वर्षातून एकदा विधी सेवा समितीच्या प्रतिनिधीचे मार्गदर्शन ठेवता येईल. मुख्य म्हणजे, देणेकरी झालेल्या माणसाला गावाने वाळीत टाकल्यासारखे वागवू नये. लाजेपोटी गप्प बसलेला माणूस मदत मागायला उशीर करतो, आणि या प्रश्नात खरी हानी उशिरानेच होते. ज्याला आपले देणे किती, ते कसे वाढते आणि आपला हक्क कोणता हे ठाऊक आहे, तो मान ताठ ठेवूनही कर्जमुक्त होऊ शकतो.