जुना पॉवर सप्लाय, नवा संगणक : जामीनदाराची पारख

सांगलीच्या मार्केट यार्डात माझ्या थोरल्या बंधूंची हळदीची अडत आहे. गेल्या दिवाळीत पुतण्याने पेढीसाठी नवा संगणक जुळवण्याचा बेत केला. मदरबोर्ड, प्रोसेसर, मेमरी अशी यादी झाली आणि शेवटी तो म्हणाला, "काका, जुन्या संगणकातला एसएमपीएस अजून चालतो आहे. तोच बसवला तर अडीच-तीन हजार वाचतील." दादांनीही मान डोलावली. चालती वस्तू टाकायची नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा दंडक.

दंडक चुकीचा नव्हे. पण मला नोकरीतला एक प्रसंग आठवला. मी शाखाधिकारी असताना आमच्या एका घाऊक व्यापारी खातेदाराने नव्या संगणकाला असाच जुना पॉवर सप्लाय जोडला होता. ऐन मार्च महिन्यात तो जळाला आणि जाताना हार्ड डिस्कही घेऊन गेला. साठा व येणेकऱ्यांचे विवरण बँकेला देता येईना. विवरण नाही म्हणून कॅश क्रेडिटची ड्रॉइंग पॉवर ठरेना. चांगल्या पतीचा माणूस दोन महिने कागद जुळवत बसला. वाचले होते काही हजार रुपये.

पॉवर सप्लाय करतो काय? भिंतीतून येणारा २३० व्होल्टचा प्रवाह तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात बदलून प्रत्येक भागाला पुरवतो. म्हणजे तो संगणकातल्या साऱ्या भागांचा जामीनदार. जुना जामीनदार नव्या कर्जासाठी पुढे आला, तर बँक त्याची आजची ऐपत नव्याने तपासते. हाच न्याय येथे लावावा.

पहिली तपासणी ऐपतीची. पेटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या वॉटवर विसंबू नये. लेबलवरील १२ व्होल्टची ओळ वाचावी. जुने संगणक ५ आणि ३.३ व्होल्टवर अधिक भार टाकत. २००० साली पेंटियम ४ च्या काळात प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची स्वतंत्र चार पिनांची जोडणी आली आणि २००३ च्या सुधारित मानकाने मुख्य भार १२ व्होल्टकडे नेला. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड त्यावरच जगतात. पुतण्याच्या हातातल्या २०१२ च्या सप्लायवर '४५०' असे ठळक छापले होते. १२ व्होल्टच्या ओळीत मात्र १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, म्हणजे १९२ वॉट. बाकीचा आकडा शोभेचा.

दुसरी तपासणी जोडण्यांची. मदरबोर्डला २४ पिनांची आणि प्रोसेसरला आठ पिनांची जोडणी हवी; ग्राफिक्स कार्ड असल्यास त्याची वेगळी. येथे एक धोका अनेकांना ठाऊक नसतो. काही सप्लायच्या वायरी सुट्या निघतात. पेटीकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रत्येक उत्पादकाची निराळी असते. एकाची वायर दुसऱ्याला बसते. पण बसली म्हणून जुळली असे नव्हे. चुकीचे व्होल्टेज जाऊन नवी डिस्क क्षणात जळू शकते.

तिसरी तपासणी वयाची. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने हळूहळू सुकतात आणि पुरवठ्यातील चढउतार गाळण्याची त्यांची शक्ती घटते. बाहेरून पेटी तशीच दिसते. उत्पादकाने दिलेली वॉरंटी, मग ती पाच, सात वा दहा वर्षांची असो, हा त्याने स्वतः केलेला आयुष्याचा अंदाज समजावा. 'एटी प्लस'चे चिन्ह पाहून निर्धास्त होऊ नये. ते विजेच्या काटकसरीचे प्रमाणपत्र आहे, दीर्घायुष्याचे नव्हे.

हिरवी वायर काळीला जोडून पंखा फिरला, की कारागीर 'ओके' म्हणतो. त्यातून सप्लाय सुरू होतो एवढेच कळते. खरी परीक्षा भाराखाली. संगणक पूर्ण कामाला लावून मल्टिमीटरवर १२ व्होल्टची ओळ ११.४ ते १२.६ च्या दरम्यान राहते का, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. जळका वास, गुणगुण किंवा आपोआप बंद-चालू होणे दिसले, तर विषय संपला. पेटी मात्र स्वतः उघडू नये. प्लग काढल्यावरही आत तीनशेहून अधिक व्होल्टचा भार काही काळ टिकून राहू शकतो.

घरी २०१९ चा आणखी एक सप्लाय होता. चांगल्या प्रतीचा, १२ व्होल्टवर ४३ अँपिअर, म्हणजे ५१६ वॉट. पाच वर्षांची वॉरंटी संपलेली. पण भाराखालची तपासणी निर्दोष. "मग हा पेढीवर चालेल ना?" पुतण्याने विचारले. वास्तविक पेढीच्या संगणकाला दीडशे वॉटही पुष्कळ. ऐपतीचा प्रश्न नव्हताच. प्रश्न होता तारणाचा. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. जेथे सहा वर्षांचे हिशेब उभे आहेत, तेथे मुदत संपलेला जामीनदार कशाला?

अखेर तिघांनी बसून ठरवले. पेढीसाठी नवा सप्लाय घेतला. २०१९ चा नातीच्या अभ्यासाच्या संगणकात गेला. तेथे तो बिघडला तर एक दिवसाचा गृहपाठ बुडेल, व्यापार नव्हे. २०१२ चा भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे दिला. आयकरात संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो, त्यामुळे पाच वर्षांनी शंभर रुपयांचे पुस्तकी मूल्य आठ रुपयांच्याही खाली येते. पुस्तकी मूल्य संपले म्हणून वस्तू निरुपयोगी होत नाही. आणि ती चालते म्हणून तिची जोखीमही संपत नाही.

दादा प्रथम थोडे नाराज होते. नंतर त्यांनीच नियम घातला : दर शनिवारी पेढी वाढवण्यापूर्वी हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यायची आणि ती डिस्क घरच्या तिजोरीत ठेवायची. जामीनदार कितीही भक्कम असो, तारणाची दुसरी प्रत आपल्याच हाती हवी, हे त्यांना मी सांगावे लागले नाही.