कव्हराच्या मागच्या बाजूला

ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘बॉर्न टू रन’ या अल्बमला २५ ऑगस्ट २०२५ रोजी ५० वर्षं झाली. त्यानिमित्ताने मोबाइलच्या पडद्यावर ते कव्हर पुन्हा झळकलं: अंगात काळं जाकीट, गळ्यात गिटार, चेहऱ्यावर हसू आणि कुणाच्या तरी खांद्यावर रेललेला स्प्रिंगस्टीन. पण खांदा कुणाचा? एरिक मिओलाने काढलेला तो फोटो कव्हराच्या दोन्ही बाजूंवर पसरलेला होता. कव्हर उलगडलं की मागच्या बाजूला सॅक्सोफोन वाजवणारा क्लॅरेन्स क्लेमन्स दिसायचा. पडद्यावरच्या चौकोनाला मागची बाजूच नसते. ऐन सुवर्णमहोत्सवात क्लेमन्स कापला गेला तो असा.

रॉकमधल्या सॅक्सोफोनवाल्यांना याची सवय आहे. गाणं ओळखायचं त्यांच्या तुकड्यावरून आणि नाव घ्यायचं गायकाचं, ही रीत जुनीच. आपल्याकडच्या फिल्मी रेकॉर्डवर तरी सॅक्सोफोनवादक मनोहारी सिंगांसारख्यांची नावं कुठे छापली जायची?

रॉक अँड रोलच्या सुरुवातीला सॅक्सोफोन घरचाच होता. कोस्टर्सच्या ‘याकेटी याक’मध्ये (१९५८) किंग कर्टिसने तो कोंबडीसारखा कलकलाट करत वाजवला आणि ती लकब पुढे अनेकांनी उचलली. साठच्या दशकात गिटारवाल्यांचं राज्य आलं आणि सॅक्सोफोन ट्रम्पेटच्या रांगेत मागे जाऊन बसला. त्या वर्षांबद्दल याहून अधिक सांगण्यासारखं फार नाही.

बहर आला तो १९७५ ते १९८४ या दहा वर्षांत. डेव्हिड बोवीच्या ‘यंग अमेरिकन्स’वर डेव्हिड सॅनबॉर्नचा ऑल्टो सॅक्सोफोन गायकाच्या बरोबरीने बोलतो. लहानपणी पोलिओ झालेल्या या मुलाच्या हाती सॅक्सोफोन आला तो छातीला बळ यावं म्हणून. ‘स्टीली डॅन’ने ‘एजा’साठी (१९७७) थेट वेन शॉर्टरला बोलावलं. जॅझमधली बडी मंडळी रॉकच्या स्टुडिओत ये-जा करत होती आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता.

‘बॉर्न टू रन’वरच्या ‘जंगललँड’मधला क्लेमन्सचा तुकडा ऐकताना वाटतं, याने डोळे मिटले आणि एका दमात वाजवून टाकलं. प्रत्यक्षात स्प्रिंगस्टीनने त्याला सुमारे १६ तास बसवून एकेक ओळ घासूनपुसून घेतली होती. त्यात बोटांची कसरत जवळपास नाहीच. टेनर सॅक्सोफोनचे लांब, भरदार सूर, सुराच्या टोकाला किंचित खरखर, आणि पुढचा सूर घेण्याआधी थांबण्याची हिंमत. गाण्यातलं शहर त्या दोन-अडीच मिनिटांत जेवढं दिसतं तेवढं शब्दांतूनही दिसत नाही.

जेरी रॅफर्टीच्या ‘बेकर स्ट्रीट’ची (१९७८) गोष्ट अधिक बोचरी. या गाण्याला रूढ अर्थाचं ध्रुवपदच नाही. ते काम राफाएल रेव्हन्सक्रॉफ्टचा ऑल्टो करतो; दर कडव्यानंतर श्रोता त्याच्याकडेच परततो. त्याचं मानधन २७ पौंड, आणि तो चेकही वटला नाही म्हणतात. वर ब्रिटनमध्ये अफवा अशी पसरली की तो तुकडा बॉब होल्नेस या टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेच्या सूत्रसंचालकाने वाजवला होता! रेव्हन्सक्रॉफ्टची स्वतःची तक्रार वेगळीच होती: आपला सूर किंचित उतरलेला आहे, म्हणून ते ऐकवत नाही.

‘रोलिंग स्टोन्स’ने तर कमाल केली. ‘वेटिंग ऑन अ फ्रेंड’ (१९८१) ज्याच्या फुंकरीवर तरंगतं तो खुद्द सॉनी रोलिन्स, आणि अल्बमवर त्याचं नाव नाही.

‘केअरलेस व्हिस्पर’साठी (१९८४) जॉर्ज मायकेलने एकामागून एक वादक नाकारले. अखेर स्टीव्ह ग्रेगरी आला. त्याच्या जुन्या टेनरला वरच्या एफ शार्पची कळच नव्हती. मग टेपचा वेग कमी करून पट्टी अर्ध्या सुराने उतरवली, त्याने त्या पट्टीत वाजवलं, आणि टेप पुन्हा मूळ वेगावर आणली. त्या सुरावटीची ती पातळ, रेशमी झाक काही अंशी या जुगाडाची देणगी आहे.

पुढे सॅक्सोफोन मागे पडला त्याचं खापर सगळे सिंथेसायझरवर फोडतात. १९८३चा यामाहा डीएक्स-७ स्वस्तात सगळी वाद्यं पुरवू लागला हे खरं. पण सॅक्सोफोनची अब्रू घालवली ती त्याच्या लाडाने. मेणबत्त्या, पाऊस, प्रेम, काहीही दाखवायचं झालं की सॅक्सोफोन. सॅक्सोफोनवादक केनी जीच्या ‘ब्रेथलेस’ अल्बमच्या (१९९२) एकट्या अमेरिकेत सव्वा कोटीच्या आसपास प्रती गेल्या, त्यात एक सूर वेडावाकडा सापडेल तर शपथ. १९९९मध्ये त्याने लुई आर्मस्ट्राँगच्या जुन्या ध्वनिमुद्रणावर स्वतःचा सॅक्सोफोन चढवला तेव्हा गिटारवादक पॅट मेथेनीने त्याला जाहीरपणे सोलून काढलं. ते थोडं उशिराच झालं.

आता ‘केअरलेस व्हिस्पर’ची सुरावट अर्ध्या मिनिटाच्या विनोदी व्हिडिओंत चावट इशारा म्हणून वाजते. ‘एम ८३’च्या ‘मिडनाइट सिटी’च्या (२०११) शेवटी सॅक्सोफोन पुन्हा उसळला, त्याच वर्षी क्लेमन्स गेला. त्याचा पुतण्या जेक आज स्प्रिंगस्टीनच्या ई स्ट्रीट बँडमध्ये ‘जंगललँड’ वाजवतो आणि स्टेडियम श्वास रोखून ऐकतं. ‘मिडनाइट सिटी’तला वादक होता जेम्स किंग. गाण्याच्या ॲपवर मात्र शीर्षकाखाली एकच नाव दिसतं, बँडचं.