विश्लेषण : फोन ‘चोरीला गेला’ की ‘गहाळ झाला’? एका शब्दाने काय बदलते...

गर्दीच्या लोकलमधून दादरला उतरलात, खिसा चाचपला आणि फोन नाही. पोलीस ठाण्यात पोहोचल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘‘चोरताना कोणाला पाहिलं का?’’ उत्तर ‘नाही’ असेल, तर अर्जावर बऱ्याचदा शब्द पडतो ‘गहाळ’. हातात शिक्का मारलेला कागद मिळतो आणि तक्रार झाली असे समजून आपण घरी येतो. प्रत्यक्षात गुन्हा नोंदच झालेला नसतो.

दोन्हींत फरक काय?

‘गहाळ’चा दाखला ही केवळ वस्तू हरवल्याची नोंद असते. मुंबईसह अनेक पोलीस दलांच्या संकेतस्थळांवर ती घरबसल्या करता येते. नवे सिम घेण्यासाठी ती पुरते. पण गुन्हाच नाही म्हटल्यावर आरोपी शोधण्याचा प्रश्न येत नाही. चोरी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 नुसार गुन्हा आहे. हातातून हिसकावून नेल्यास कलम 304 लागू होते. फोनचा विमा असेल, तर कंपन्या सहसा एफआयआरची प्रत मागतात.

पोलीस ‘गहाळ’ का लिहितात?

खिसेकापूचा साक्षीदार क्वचितच मिळतो. शिवाय प्रत्येक गुन्ह्यासोबत तपास अधिकारी, पंचनामा, न्यायालयात अहवाल हे सारे येते आणि ठाण्याच्या गुन्ह्यांच्या आकड्यातही भर पडते. मात्र चोर पाहिलेला असावा, अशी अट कायद्यात नाही. अज्ञात आरोपीविरुद्ध गुन्हा नोंदवता येतो.

ठाण्यात नकार मिळाला तर?

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 173 इथे उपयोगी पडते. हद्द कोणतीही असो, तक्रार घ्यावी लागते. यालाच ‘झीरो एफआयआर’ म्हणतात. म्हणजे चोरी रेल्वेत झाली असली, तरी घराजवळच्या ठाण्यात तक्रार देता येते आणि ती पुढे लोहमार्ग पोलिसांकडे जाते. ऑनलाइन पाठवलेल्या तक्रारीवर 3 दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. नकार मिळाल्यास पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येते आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते.

फोनचा माग कसा लागतो?

प्रत्येक फोनला 15 अंकी आयएमईआय क्रमांक असतो. दोन सिमच्या फोनला असे दोन. केंद्राच्या दूरसंचार विभागाची ‘सीईआयआर’ ही यंत्रणा याच क्रमांकावर चालते. तिचा प्रायोगिक टप्पा 2019 मध्ये महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेलीत सुरू झाला. मे 2023 पासून ती देशभर आहे. ‘संचार साथी’ पोर्टलवर पोलिसांचा कागद (गहाळचा दाखलाही चालतो), ओळखपत्र आणि आयएमईआय दिला की देशातल्या सर्व नेटवर्कवर तो फोन बंद केला जातो. ओटीपीसाठी चालू मोबाइल क्रमांक लागतो. नव्याने घेतलेल्या सिमवर सुरुवातीचे 24 तास एसएमएस बंद असतात, हे लक्षात ठेवा.

फोन ब्लॉक केला म्हणजे माग बंद होत नाही. त्यात कोणी दुसरे सिम टाकले, की नेटवर्कला आयएमईआय दिसतो आणि माहिती पोलिसांपर्यंत पोहोचते. मात्र आयएमईआय बदलला, फोनचे सुटे भाग करून विकले किंवा तो देशाबाहेर गेला, तर ही साखळी तुटते. आयएमईआयमध्ये छेडछाड केल्यास दूरसंचार कायदा 2023 नुसार 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

मग ‘गहाळ’ लिहिले तर बिघडले कुठे?

फोन परत मिळण्यापुरते पाहिले, तर फारसे नाही. उलट गहाळ फोन सापडल्यावर तो ठाण्यातूनच परत मिळतो. गुन्हा नोंद असेल तर तोच फोन ‘मुद्देमाल’ ठरतो आणि सोडवायला न्यायालयाचा आदेश लागतो. फरक पडतो तो पुढच्या माणसाला. सापडलेला फोन बहुतेकदा जुना म्हणून विकत घेणाऱ्याच्या हातात असतो. ‘गहाळ’ नोंदीत तो फोन देऊन मोकळा होतो. त्याला कोणी विकला, हे विचारायला गुन्ह्याची फाइल लागते. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यावरचे कलम 317 तिथेच कामी येते.

आधी काय, नंतर काय?

फोन गेल्याबरोबर सिम बंद करा, बँकेला कळवून यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर 1930 वर फोन करा. ‘फोन सापडला’ अशा मेसेजमधली लिंक उघडून पासकोड देऊ नका. जुना फोन घेताना ‘संचार साथी’ अॅपवर आयएमईआय तपासा.

आणि आत्ता, फोन हातात असतानाच *#06# डायल करा. येणारा क्रमांक कागदावर उतरवून घरी ठेवा. तो फोनमध्येच सेव्ह केला, तर फोनबरोबर तोही जाईल.