खजिनदारांची रंगभूमी

मराठी रंगभूमीच्या इतिहासात नाटककारांना प्रकरणं मिळाली, नटांना चरित्रं मिळाली, दिग्दर्शकांना परिसंवाद मिळाले. खजिनदाराला तळटीपही मिळाली नाही. हे मी वर्षानुवर्षं लिहीत आणि बोलत आलो आहे, आणि या अंकाच्या संपादकांनी ‘स्वतंत्र कलासंस्थांचं व्यवस्थापन’ या विषयाचा आढावा मागितला तेव्हा पुन्हा तेच लिहायला बसलो. अलीकडे काही अभ्यासक मांडतात की कलेचं व्यवस्थापन आपल्याकडे गेल्या दहा-पंधरा वर्षांत कार्यशाळांमधून आलं, त्याआधी सगळा हौसेचा मामला होता. हे साफ चूक आहे.

विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं, इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. मला त्यापुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. 1851 मध्ये चिंतामणराव गेले, संस्थानाचा आधार सुटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन बाहेर पडावं लागलं. 1853 मध्ये त्यांनी मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात खेळ केले. राजाच्या मर्जीवर चालणारी मंडळी तिकिटावर उभी राहिली. मराठी कलाउद्योगाची सुरुवात मी तिथून धरतो.

संगीत नाटक मंडळ्यांवर इतकं लिहिलं गेलं आहे की मी तिथे रेंगाळत नाही. एवढंच नोंदवतो की 1913 मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली तेव्हा ती भागीदारी होती. पुढे भागीदार बाजूला झाले, एकट्या बालगंधर्वांच्या शिरावर कर्ज आलं, आणि पडद्यांचा, पोशाखांचा, अत्तराचा थाट मात्र तसाच राहिला. त्या थाटाच्या कथा आपण कौतुकानं सांगतो. त्या काळात मंडळीच्या वह्या कोण लिहीत होतं, सावकाराला कोण तोंड देत होतं, बिऱ्हाडाची पंगत उद्या कशी उठेल याची काळजी कोण करत होतं, हे कुणी विचारत नाही.

तमाशाकडे तर या दृष्टीनं पाहायलाच आपले पांढरपेशे समीक्षक तयार नसतात. नारायणगावला एकदा यात्रांच्या हंगामात जाऊन यावं. फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, तारीख बघतात, फडाचं नाव बघतात, घासाघीस करतात आणि सुपारी ठरते. सुपारी म्हणजे गावानं ठरलेली रक्कम द्यायची आणि खेळ सगळ्यांना फुकट. याउलट कनात म्हणजे तंबू लावून तिकिटावर खेळ. पाऊस आला, शेजारच्या गावात दुसरा फड उतरला, तर तोटा फडमालकाचा. दसऱ्याला फड बाहेर पडण्याआधी कलावंतांना उचल द्यावी लागते, ट्रक आणि जनरेटर बघावा लागतो, आणि यातला बराच पैसा खाजगी सावकाराकडून येतो. बुद्धपौर्णिमेपर्यंत तो फेडायचा. यात्रेतल्या सुपाऱ्यांच्या भरवशावर कनातीची जोखीम घ्यायची, ही वाटणी चांगल्या फडमालकाच्या डोक्यात पक्की असते. विठाबाई नारायणगावकरांसारख्या कलावंत बाईनं फड चालवला, तेव्हा तिनं नाचगाण्याबरोबर हे सगळंही चालवलं. 2020 आणि 2021 चे दोन हंगाम कोरोनात बुडाले तेव्हा फडांवर जे ओढवलं त्याचं कारण कलेतली घसरण नव्हती. उचल दिली गेली होती आणि वसुलीचे महिनेच नाहीसे झाले होते.

झाडीपट्टीतही हेच. गडचिरोलीतल्या वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, दिवाळीनंतर मंडईचे दिवस सुरू झाले की गावकरी मंडळं तिथे येऊन नाटक ठरवतात, आणि रात्रभर चालणाऱ्या खेळाला पंचक्रोशी तिकीट काढून बसते. 2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबई-पुण्याला झाडीपट्टीची आठवण झाली. तिथला व्यवहार शिकायला मात्र अजून कुणी गेलेलं नाही.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. रंगायन ही नाट्यसंस्था फुटल्यावर 1971 मध्ये अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्यासोबत आविष्कार उभी करणाऱ्यांत अरुण काकडे होते. 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात जे घडलं त्याला आपण चळवळ म्हणतो आणि मग तेंडुलकर, एलकुंचवार, आळेकर ही नावं घेतो. ती घ्यावीतच. पण ते सभागृह शाळेचं होतं. संध्याकाळी ते ताब्यात घ्यायचं, मंच उभा करायचा, खुर्च्या मांडायच्या, प्रयोग झाला की सगळं पुन्हा आवरून सकाळच्या वर्गांसाठी मोकळं करून द्यायचं. हे आपल्या संस्थेच्याच नव्हे, बाहेरच्या संस्थांच्या प्रयोगांसाठीही. तारखा कुणाला कधी द्यायच्या, भाडं कसं भागवायचं, शाळेशी संबंध कसे राखायचे, हे काकडेकाकांनी सांभाळलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला छबिलदास सुटलं, तरी त्यांनी माहीमच्या महापालिका शाळेत तोच संसार पुन्हा मांडला आणि 2019 मध्ये जाईपर्यंत तो सोडला नाही. ‘दुर्गा झाली गौरी’ हे चंद्रशाला या आविष्कारच्या बालविभागाचं नाटक बघा. मुलांची एक तुकडी मोठी होते, दुसरी येते, आणि प्रत्येक तुकडीबरोबर नवे आईबाप, आजीआजोबा, शेजारी नाट्यगृहात येतात. नवीन प्रेक्षक घडवण्याची याहून चांगली योजना मी पाहिलेली नाही.

माझं स्वतःचं सगळं आयुष्य वर्गणीदार सभासद या एका कल्पनेमागे गेलं. आमच्या गावातल्या छोट्या संस्थेत आम्ही वर्षाची वर्गणी दिवाळीच्या आधी गोळा करायचो, बोनस हातात असताना. कार्बन लावलेलं पावतीपुस्तक घेऊन घरोघर जायचं. चहा व्हायचा, आणि चहाबरोबर सगळं कळायचं: गेल्या खेपेला आवाज मागे पोचला नाही, प्रयोग उशिरा सुरू झाल्यानं शेवटची बस चुकली, अमुक नाटक डोक्यावरून गेलं पण पुन्हा बघायला आवडेल. ज्यानं वर्गणी नव्यानं भरली नाही त्याच्याकडे पुन्हा जायचं, पैसे मागायला नव्हे, का सोडलंत ते विचारायला. आज याला बाजारपेठेचा अभ्यास म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात. सीझन सुरू होताना वर्षाचा निम्मा खर्च बँकेत असायचा. मी जवळून पाहिलेल्या ज्या संस्था बंद पडल्या, त्यांतल्या बहुतेकींचा वर्षाचा ताळेबंद बरा होता. पैसा हवा त्या महिन्यात नव्हता.

आमच्यातले काही जण तेव्हा म्हणत, आजही म्हणतात, की वर्गणीदार आला की संस्था मध्यमवर्गीय आवडीची बांधील होते. माझा अनुभव उलट आहे. सुट्या तिकिटावर प्रत्येक प्रयोगाला आपापला गल्ला आणावा लागतो, म्हणून ओळखीचं नाव, विनोद, मालिकेतला चेहरा. वर्षाची वर्गणी आधी घेतली की ज्या नाटकाचं एक तिकीट सुटं विकलं गेलं नसतं तेही सभागृह भरून दाखवता येतं. 1968 पासून प्रभात चित्र मंडळानं मुंबईत जे सिनेमे दाखवले ते सभासदांच्या जोरावरच. ग्रंथालीनं सत्तरच्या दशकात वाचकालाच चळवळीचा भागीदार करून घेतलं, म्हणून 1978 मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ काढायचं धाडस करता आलं.

कायद्याचा भाग रुक्ष आहे, भराभर सांगतो. 1860 च्या कायद्याखाली संस्था नोंदवायची, धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट वेळेत द्यायचा, ऑडिट चुकवायचं नाही, 80जी चं प्रमाणपत्र मुदतीत नव्यानं घ्यायचं. नाटकाच्या 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, हे अजून कित्येक संस्थाचालकांना माहीत नसतं. जुने चेंज रिपोर्ट राहून गेल्यामुळे बँकेत पैसा अडकलेल्या संस्था मी पाहिल्या आहेत.

अनुदानाचा मी विरोधक नाही. पुण्याच्या थिएटर अकॅडमीनं 1985 ते 1994 या काळात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीनं नाटककारांसाठी आणि गावोगावच्या नाट्यसंस्थांसाठी योजना राबवल्या. पैसा कशासाठी हे आधी ठरलं होतं, म्हणून तो कामी आला. शिवाय ती संस्था आधीच ‘घाशीराम’चा एवढा मोठा संच 1980 मध्ये युरोपभर फिरवून आलेली होती. 2015 मध्ये इंडिया थिएटर फोरमनं नाट्यसंस्थांच्या व्यवस्थापनाचा ‘स्मार्ट’ हा अभ्यासक्रम सुरू केला, त्याचंही मी मनापासून स्वागत केलं. माझी तक्रार पुढची आहे. आजची हुशार मुलं प्रस्ताव सुरेख लिहितात, उद्दिष्टं आणि फलितं यांचे तक्ते करतात, कंपन्यांच्या सीएसआर विभागात न बिचकता बोलतात. पण आपल्याला नियमित बघायला येणाऱ्या शंभर माणसांची नावं विचारली तर गप्प बसतात. तिकीट ॲपवर विकलं जातं, पैसे खात्यात येतात, आणि प्रेक्षक कोण होता ही माहिती बहुतेक वेळा ॲपकडेच राहते. एकांकिका स्पर्धांसाठी जमलेला गट करंडक मिळाला की पांगतो. प्रत्येक जण दिग्दर्शक. हिशेब ठेवायला कुणी तयार नाही, आणि ठेवला तर त्याचं नाव जाहिरातीत नसतं.

आपल्या विद्यापीठांच्या नाट्यविभागांत नेपथ्य शिकवतात, प्रकाशयोजना शिकवतात. प्रयोगाचं अंदाजपत्रक, दौऱ्याचा खर्च, नाईटचे दर, सभासदांची नोंदवही हेही पूर्ण वर्षाचा विषय म्हणून शिकवायला हवं, आणि शिकवायला फडमालक, झाडीपट्टीतले निर्माते, जुने कार्यवाह यांना बोलवायला हवं. पण त्यासाठी साहित्य लागेल, आणि ते झपाट्यानं नाहीसं होतं आहे. संस्था बंद पडली की स्मृतिचिन्हं कुणीतरी जपतं. कीर्दी, पावतीपुस्तकं, दौऱ्यांची पत्रं रद्दीवाल्याकडे जातात. ज्यांच्या माळ्यावर एखाद्या जुन्या नाट्यसंस्थेचं, संगीत मंडळाचं, फिल्म सोसायटीचं असं गाठोडं असेल त्यांनी या दिवाळीच्या आवराआवरीत ते टाकू नये. जवळच्या ग्रंथालयाला द्यावं, आणि ग्रंथालयानं घेतलं नाही तर संपादकांच्या पत्त्यावर मला कळवावं. मी येऊन घेऊन जाईन.